लाल फडक्याचा बांबू

चैत्र ५

ती. निताईदादास टगरचा सा. न. वि. वि.

शिकवणीचं तिसरं वर्ष संपत आलं. गारांचा ढग मी आता शिंग फुंकून धरते आणि भात शिजेपर्यंत जागचा हलू देत नाही. आमचे गुरू हारानदादू म्हणतात, धरायला कुणीही धरेल, नीट उतरवून दाखव. ढग उतरवायचा तो फक्त मालकाने आपल्या हाताने लाल फडक्याचा बांबू रोवलेल्या शेतात. गारांनी ते शेत जातं, म्हणून त्या मालकाची कणगी मग आसपासची सातही गावं भरतात. बांबूच नसेल, तर धरलेला ढग शेवटी सगळ्यांवरच फुटतो.

दादूंची नजर गेली. या बैशाखात मलाच उभं राहायचंय आणि पोरीच्या भरवशावर शेत द्यायला कुणी तयार नाही. शिकवणी संपेपर्यंत घरच्यांना भेटायची बंदी, नाहीतर मीच दारोदार फिरले असते. तू विचारशील? बाबांना मात्र नको. थोडी सुकी मासळीही पाठव, इथलं जेवण अळणी असतं.

लोभ कर, चेष्टा कमी कर.

तुझी टगर

चैत्र १९

चि. टगर हिस अ. आ.

मासळी पाठवतोय, दादूंनाही दे. सगळी घरं फिरलो. मंडलकाका म्हणाले, पोरीने शिंग फुंकलं तर ढगाला हसू येईल. बाकीच्यांनी दारही धड उघडलं नाही. बाबांसमोर विषय निघाला तशी ते पानावरून उठले. आई म्हणते, परत ये, स्थळवाले अजून थांबलेत. मी म्हणतो, येऊ नकोस. तीन वर्षं मी गावभर तुझी फुशारकी मारतोय, मला तोंडघशी पाडू नकोस.

आहे तो लोभ आहेच.

निताई

बैशाख २

ती. दादास सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय, अक्षराला हसू नकोस. काल दुपारी ढग आला. बांबू कुठेच नव्हता, तरी मी बांधावर गेले. दादूंना सांगितलं, जागा मिळेपर्यंत धरून ठेवीन. ते म्हणाले, वेडी आहेस, उभी राहा. फुंकून फुंकून ओठ फुटले, तेव्हा दक्षिणेला लाल फडकं दिसलं. वाऱ्याने बांबू आडवा होत होता आणि डोक्यावर सूप बांधलेला एक माणूस त्याला मिठी मारून उभा होता. बाबांची ती वाकडी मान मी लांबूनही ओळखते.

आपलं वर्षाचं भात, दादा! माझ्याने उतरवेना. दादू म्हणाले, बापाने शेत दिलंय, आता कच खाल्लीस तर ते देणं फुकट जाईल. मी रडत रडत ढग उतरवला. बाकी कुठे एक लोंबी पडली नाही. पण बाबा कसे आहेत? लगेच कळव, जीव थाऱ्यावर नाही.

टगर

बैशाख ४

चि. टगर हिस आशीर्वाद.

निताईला थांबवून मीच लिहितोय. तो तुझी पत्रं मोठमोठ्याने वाचायचा, मी बहिरा असल्यासारखा. सगळी ऐकलीत.

शेत भुईसपाट झालं. कालपासून लोक भात आणून ओततायत, कणगी अर्धी भरली. स्थळाला नकार कळवला. इतका वेळ थांबलेला ढग मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. माझी पोर तो धरून उभी आणि तिला कुणी वीतभर जागा देईना, ते मला बघवलं नाही. तीन वर्षं बोललो नाही, ती माझी चूक.

सूप फुटलं, डोक्याला दोन टेंगळं आली. शेत चांगलं पाच बिघे आहे, तेव्हा पुढच्या वर्षी जरा कडेला उतरव. बांबू मीच धरणार आहे.

तुझा बाप,
परेश