गिरजाने हात पाहिला

९ एप्रिल १९७४, मंगळवार

गिरजा कासारीण बांगड्या भरायला आली, तेव्हा लांब बाह्या वर साराव्याच लागल्या. दोन महिने या उकाड्यात लांब बाह्या! खाजवून ओरबाडलेले, कोरडे हात कुणाला दिसू नयेत म्हणून. संसर्गाचा रोग निघाला तर शाळेतून घरी बसवतील, या भीतीने डॉक्टरांकडेही गेले नाही. आणि मी म्हणे आरोग्यशास्त्र शिकवते!

गिरजाने मनगट चोळून पाहिलं. "पाळी बंद झाली नं, बाई?"

"तुला कोणी सांगितलं?"

"या हातानं. या वयात लय बायांचं कातडं असंच सुकते. काहून लपवून राहिल्या? साबण कमी करा, आंघोळ झाली का ओल्या अंगालेच तेल लावा."

"रोग असला तर?"

"नाही उतरलं तर दवाखाना हाये. पोरींले भेववता अन् सोता भेता?"

मला असं झापायची हिंमत हेडमास्तरांनाही नाही. पण बाई पक्की. किती हात हाताळले असतील तिने! पाळी येते कशी, हे मी मुलींना दरवर्षी सांगते. जाते कशी, हे मला आज गिरजाने सांगितलं.

तेल लावलं. उद्या आखूड बाह्या.