खेर्सोनचा शपथविधी

१२ मे, खेर्सोन
ईस्टरपासून एक ओळ लिहिली नाही. माफी असावी, राग आवरत नव्हता. सम्राटांनी मला दूत म्हणून पेचेनेगांशी, या भटक्या घोडेस्वार टोळ्यांशी, तह करायला पाठवलंय. त्यांनी साम्राज्याच्या टोकाच्या या गावावर धाडी घालू नयेत, एवढंच. जमलं तर राजधानीत परत, दरबारात जागा. नाही जमलं तर जन्मभर हा सुक्या मासळीचा वास.
निश्चय : यापुढे चिडायचं नाही.

१५ मे
चिडलो. मला न्यायला आलेल्या पेचेनेग स्वारांना रेशीम दिलं. म्हणे, "हे आम्हाला. बायकांना काय?" तेही दिलं. म्हणे, "घोडे दमले, त्यांचं?" दुभाष्या व्लासिओस म्हणाला, "साहेब, हे फक्त जाण्याचं. परतीचं वेगळं."
लुटारू!

२१ मे, छावणी
सरदार तुरगुन तहाला तयार! पण शपथ त्यांच्या रीतीने. कुत्रा उभा चिरायचा आणि म्हणायचं, "शब्द मोडेल त्याचं असंच होवो." मी साफ नकार दिला. शपथ आपल्या पवित्र ग्रंथावर, शुभवर्तमानावरच. व्लासिओस पुटपुटला, "साहेब, ज्याला त्याला आपल्याच देवाचा धाक. आधीचे दूत कुत्राच कापायचे." इतकं तत्त्वज्ञान शिकलो ते कुत्री कापायला?
मग मनाला विचारलं, हा अहंकार तर नाही? प्रामाणिकपणे तपासलं. नाही. श्रद्धाच आहे.

२२ मे
जिंकलो! तुरगुनने ग्रंथावर हात ठेवला, सोन्याच्या वेष्टणावरून बोटही फिरवलं. नंतर सगळी छावणी पोट धरून हसत होती. भोळी माणसं, आनंद लपवता येत नाही. व्लासिओस तेवढा हसला नाही. जळतो मेला.

९ जून, खेर्सोन
धाड. मिठागरावरची माणसं धरून नेली. नेणारे तेच स्वार, अंगावर मीच दिलेलं रेशीम. नेलेल्यांत व्लासिओसची बहीण.
तुरगुनला खरमरीत जाब विचारला.

१३ जून
उत्तर आलं. "अरे पाहुण्या, ती शपथ तुझ्या देवाची होती. तुझा देव तुला विचारेल, मला कशाला? माणसं हवीत तर ये, नीट शपथ घेऊ. या खेपेला कुत्रा तुझा."
व्लासिओसवर ओरडलो : हे तेव्हाच ठणकावून का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "सांगितलं होतं, साहेब."
पुटपुटला होता. पुटपुटणं म्हणजे सांगणं नव्हे.
मागची पानं उलटली. लगेच मिटली.

उद्या : धडधाकट कुत्रा शोधणे.