न मिटणारा चाकू

मी, श्रीमती बनाबाई हिंदुराव चौगले, वय वर्षे एकोणसत्तर, पूर्वीचा धंदा चांदीच्या पैंजणांची जोडणी, हल्लीचा लाकडावरचं कोरकाम, राहणार शिवाजी उद्यमनगराच्या मागची गल्ली, कोल्हापूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉ. संयोगिता शिंदे यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी त्यात काही लिहिलं नाही, हे बरं केलं. मला कोणी धाक दाखवलेला नाही की लालूच दाखवलेली नाही. माझ्या वकीलबाई अ‍ॅड. दीक्षा कांबळे "आजी, थोडक्यात लिहा" असं दोनदा म्हणाल्या. मी प्रयत्न केला, जमलं नाही.

कलम १. माझे पती कै. हिंदुराव हे लेथवर काम करत. ते वारून बरीच वर्षं झाली. मला एकच अपत्य, मुलगी सौ. क्रांती, ती नर्स आहे. माहेरचा एक धाकटा भाऊ आहे, आकाराम मुधाळे. मूळचा हुपरीचा, आता मलकापूरच्या पुढे शाहूवाडी भागात सासुरवाडीच्या गावी राहतो. सासरचे एक दीर आहेत, हंबीरराव. या तिघांशिवाय माझ्या मालमत्तेशी कोणाचा संबंध नाही. या तिघांपैकीही कोणाला काही का नाही, ते पुढच्या कलमांत येईल.

कलम २. मी राहते ते घर, पुढच्या दोन खोल्या आणि मागची पत्र्याची खोली, पतीच्या कमाईतून घेतलेलं आहे. त्यांच्या पश्चात क्रांतीने हक्कसोड करून दिल्यामुळे ते एकट्या माझ्या नावावर आहे. हे सर्व घर माझ्या मागे क्रांतीचं. मागच्या खोलीबद्दल माझा विचार वेगळा होता, तो कलम ८ मध्ये सांगितला आहे. परसातला शेवगा तोडू नये. त्याचं लाकूड कोरायला कुचकामी आहे, पण शेंगा चांगल्या लागतात.

कलम ३. पोस्टातली ठेव आणि बँकेतलं जे काही उरेल ते क्रांतीला. मंगळसूत्र आणि पाटल्याही तिलाच. बाराव्याला जेवणावळ घालू नये. ज्यांना खरंच वाईट वाटेल ते चहावरही येतील.

कलम ४. चांदीकामाची हत्यारं, म्हणजे फुंकणी, चिमटे, कानशी आणि लहान ऐरण, हुपरीला माझ्या माहेरच्या घरात जी कोणी सून अजून पैंजण जोडत असेल तिला द्यावीत. कोणी करत नसेल तर क्रांतीने ठेवून घ्यावीत, भंगारात घालू नयेत.

ही हत्यारं माझ्या हातातून कशी सुटली ते लिहिणं भाग आहे, कारण त्याबद्दल गावभर वेगळंच बोललं गेलं.

लग्न होऊन कोल्हापुरात आले तरी माझं काम हुपरीचंच राहिलं. सुट्या कड्यांचं पार्सल घेऊन आकाराम दर आठवड्याला एसटीने यायचा आणि जोडलेले पैंजण परत घेऊन जायचा. पती गेल्यावर त्यावरच घर चाललं, क्रांतीची शाळा झाली. पार्सलाच्या पिशवीला आमचे चुलते अशी गाठ मारत की मी ती दातांनी सोडायची. एका चैत्रात आकाराम जोतिबाच्या यात्रेहून परस्पर इकडे आला आणि खिशातून लाल मुठीचा, मिटायचा चाकू काढून माझ्यापुढे ठेवला. फुटपाथवर ढिगाने विकतात तसला, स्वस्तातला.

"आक्का, दात पडायच्या आधी ह्यो वापर," तो हसत म्हणाला.

मी लगेच चाकू उघडला, टोक गाठीत घातलं आणि जोराने दाबलं. आतली स्प्रिंग ढिली होती. पातं मागे फिरलं आणि माझ्या तर्जनीवर मिटलं. आकाराम समोरच चहा पीत बसला होता. बशी फेकून त्याने खांद्यावरच्या टॉवेलात माझा हात गुंडाळला आणि मला उचलूनच रिक्षात घातलं. दवाखान्यात डॉक्टरांनी टाके घातले, पण बोट वाकवणारी शीर तुटली ती नीट जुळली नाही. तेव्हापासून माझी तर्जनी सरळच आहे. चिमट्यात बारीक कडी धरायला हेच बोट लागतं. काम तिथेच थांबलं.

दवाखान्यात असेपर्यंत आकाराम माझ्या उशाशी होता. तो माझ्या हाताकडे बघायचा नाही, खिडकीबाहेर बघायचा.

कलम ५. माझे दीर हंबीरराव यांना माझ्या मालमत्तेतून काहीही द्यायचं नाही. लिहायचं विसरलं असं कोणी समजू नये, आठवणीने लिहिलं आहे.

कारण असं. माझे टाके निघाले त्याच महिन्यात भावकीत लग्न होतं. पंगतीत आकारामच्या समोर बसून हंबीरराव मोठ्याने म्हणाले, "भावानंच बहिणीच्या पोटावर पाय दिला की. चाकू दिला म्हणं भेट!" चार माणसं हसली. आकाराम भरल्या ताटावरून उठला. त्यानंतर तो कोल्हापुरात आला नाही. हुपरीचं काम सोडून सासुरवाडीला जाऊन भात लावायला लागला. निरोप पाठवला तर "येतो" म्हणायचा आणि यायचा नाही. भाऊबीजेला मी पाट मांडून, ताट करून बसायची. शेवटी क्रांतीच म्हणायची, "आई, निरांजन शांत कर आता."

हंबीररावांनी पुढे क्रांतीच्या फीसाठी धावपळ केली, हेही खरं आहे, आणि ते मी विसरलेले नाही. म्हणून त्यांच्यावर माझा राग नाही. तरीही कलम बदलणार नाही. माझ्या अंत्यविधीला त्यांनी जरूर यावं, पण पंगत नाहीच, तेव्हा बोलण्याचा प्रश्न येणार नाही.

कलम ६. तोच चाकू मी क्रांतीला देते. तिने तो एकदा कचऱ्याच्या डब्यात टाकला होता. मी बाहेर काढून धुतला आणि डाळीच्या डब्यामागे लपवला. का, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. आकारामने हौसेने आणलेली वस्तू होती, एवढंच.

डॉक्टरांनी हाताच्या व्यायामाला रबरी चेंडू दिला होता. तो दाबून दाबून मला वीट आला. एका दुपारी डाळ काढताना चाकू हाताला लागला. आयुष्यभर कानस चालवलेली बाई मी, त्याच्यातल्या खोडी मला दिसायला लागल्या. म्हटलं, हा वाईट नाही, अर्धवट केलेला आहे.

ज्याला असा चाकू लाकूडकामासाठी नीट करायचा असेल त्याच्यासाठी लिहून ठेवते. पहिली गोष्ट, त्याचं मिटणं बंद करायचं. पातं पूर्ण उघडून, त्याच्या बुडातून आणि मुठीतून आरपार भोक पाडून मी पितळेचा खिळा ठोकला आणि दोन्हीकडून चेपला. पातं मिटून जिथे बसायचं त्या फटीत लाकडाची चीप घालून अरल्डाईटने भरली. लाल प्लॅस्टिक काढून आंब्याच्या लाकडाची जाड मूठ बसवली, माझ्या तळव्यात भरेल अशी, आणि जवसाचं तेल पाजलं. मग पातं. हे चाकू दोरी तोडण्याइतपत धारेचे असतात, लाकडात शिरत नाहीत, पाचरीसारखे अडतात. धार दोन्ही बाजूंनी पातळ करावी लागते. मी घाई केली, पतीच्या जुन्या वर्कशॉपात ग्राइंडरवर धरलं, आणि पातं निळं पडलं. पोलादाचं पाणी उतरलं, म्हणजे ते मऊ झालं, धार धरेना. टोकाकडचा तेवढा भाग कापून टाकावा लागला. पुढचं सगळं धारेच्या दगडावर, पाणी घालत, पातं जवळजवळ आडवं धरून घासलं. पातं आखूड झालं ते सोयीचंच झालं, आखूड पातं हाताचं ऐकतं. शेवटचा हात चामड्यावर. हिंदुरावांच्या जुन्या कोल्हापुरी पायताणाचा तळ होता, त्याला चांदी चमकवायचं लाल पॉलिश फासलं आणि पातं त्यावर उलटं ओढलं.

एक गोष्ट राहिली. पात्याची पाठ मी कानशीने गोल केली, कारण माझी तर्जनी वाकत नाही, ती सरळ त्या पाठीवर झोपते. अंगठा आणि बाकीची तीन बोटं मूठ धरतात, आणि तर्जनी पातं कुठे वळवायचं ते सांगते. चिमट्याला नको असलेलं बोट या कामाला चाललं. त्या दिवशी मी पांगाऱ्याच्या फांदीचा एक चमचा कोरला. चमचा वाकडा होता. मी त्याने आमटी वाढली आणि क्रांतीला काही सांगितलं नाही. ती दोन घास जेवली, मग चमच्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे, आणि उठून माझ्या गळ्यात पडली.

क्रांती, चाकू वापरला नाहीस तरी चालेल. अधूनमधून तेल लाव. आणि डाळीच्या डब्यामागे ठेवू नकोस, तिथे दमट असतं.

कलम ७. त्यानंतर मी असेच स्वस्तातले चाकू आणून नीट करत गेले. त्यातला सगळ्यात जाड मुठीचा शेजारच्या अंबूबाईंना. त्यांची बोटं सांधेदुखीने वळत नाहीत, पण त्या मुठीवर बसतात. बाकीचे दुपारी माझ्याकडे कोरायला येणाऱ्या बायकांनी आपापसात वाटून घ्यावेत, भांडण करू नये. कोरलेल्या चिमण्या ज्याला हव्या त्याने न्याव्यात. पाय मोडलेल्या बाजूला काढलेल्या आहेत, त्या मलाच जमल्या नाहीत, चुलीत घालाव्यात.

कलम ८. हे कलम भाऊ आकाराम याच्याबद्दल आहे.

क्रांतीचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिका पोस्टाने न पाठवता मी स्वतः मलकापूरची एसटी धरली. चाकू पिशवीत घेतला होता. आकाराम शेताच्या बांधावर होता. मला बघितलं आणि उलट्या दिशेने चालायला लागला.

"आकाराम, थांब," मी ओरडले. "माझ्यानं चिखलात पळवत न्हाय."

तो थांबला, पण पाठमोराच. "आक्का, मला तुझा हात बघवत न्हाय."

"हात नगं बघू. ह्यो बघ."

त्याने मान वळवली. चाकू ओळखला आणि एक पाऊल मागे सरला. "अजून ठेवलायस व्हय त्यो?"

"मीट बघू."

"नगं, आक्का."

"मीट म्हणते न्हवं."

मी चाकू त्याच्या हातात दिला. आधी त्याने दोन बोटांनी दाबून बघितलं, मग पात्याच्या पाठीवर तळवा ठेवून सगळा जोर लावला. पातं हललं नाही.

"मिटंना की," तो म्हणाला.

"न्हायच मिटायचा. तसाच केलाय मी."

तो बांधावर बसला आणि चिखलाचे हात तोंडावर घेऊन रडला. मी शेजारी बसले. टॉवेलाने तोंड पुसत त्याने विचारलं, "माझा राग न्हाय आला तुला?"

"आला की. चाकूचा न्हाय. भाऊबीजेला आला न्हाईस त्याचा."

लग्नात मामा म्हणून तो उभा राहिला. तेव्हापासून एक भाऊबीज चुकलेली नाही.

आता त्याची बायको वारली आहे, मुलगा राजवीर पुण्यात आहे, घरात हा एकटा. म्हणून मागची पत्र्याची खोली मी त्याच्या नावावर लिहिली होती, आणि साक्षीदार म्हणून सहीही त्याचीच घ्यायची ठरवलं होतं. मागच्या आठवड्यात आम्ही वकीलबाईंच्या ऑफिसात गेलो. मसुदा वाचून त्या म्हणाल्या, "आजी, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतंय त्याचीच साक्षीदार म्हणून सही नको. उद्या कोणी बोट ठेवेल. मामांना खोली द्या, सही दुसऱ्याची घेऊ."

आकाराम म्हणाला, "मग खोली काढा."

मी म्हटलं, "येडा हाईस का? म्हातारपणी कुठं जाशील?"

"जाईन कुठंबी. आक्का, तुझ्या घरात त्या दिवशी मी समोर हुतो, आन मग इतकी वर्सं तोंड लपवून बसलो. आता तू शेवटचं लिवतीस. तवा तरी मला तुझ्यासमोर बसू दे."

मी पुष्कळ समजावलं. वकीलबाईंनी पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे सरकवला. त्याने ऐकलं नाही. क्रांतीला फोन लावला, तेव्हा ती म्हणाली, "आई, मामाला कागद कशाला लागतोय? त्याची खोली मी झाडून ठेवीन." हे तिचं बोलणं मी इथे लिहिते. कायद्याने ते तिच्यावर बंधन नाही, हे वकीलबाईंनी समजावलं आहे आणि मला समजलं आहे. तरी लिहिते.

म्हणून पहिल्या मसुद्यातलं मागच्या खोलीचं कलम मी रद्द केलं आहे. माझ्या मालमत्तेतून भाऊ आकाराम याला काहीही दिलेलं नाही. ते त्याने स्वतः मागून घेतलं आहे.

या मृत्युपत्राची व्यवस्था क्रांतीने पाहावी. यापूर्वी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही. मी जिवंत असेपर्यंत यात बदल करण्याचा हक्क माझा आहे, पण बदल करीन असं वाटत नाही. वर लिहिलेलं सगळं मी वाचलं, मग आकारामने मोठ्याने वाचून दाखवलं. कलम ५ ला तो हसला. कलम ८ वाचताना मध्ये थांबला, ते डॉक्टरांनी पूर्ण केलं.

ठिकाण : कोल्हापूर
दिनांक : १८ जानेवारी २०२५

लिहून ठेवणार :
बनाबाई हिंदुराव चौगले (सही)

श्रीमती बनाबाई यांनी वरील सही आम्हा दोघांच्या देखत केली, आणि आम्ही त्यांच्या देखत आमच्या सह्या केल्या.

साक्षीदार
१. डॉ. संयोगिता शिंदे, कोल्हापूर (सही)
२. आकाराम मुधाळे, रा. मलकापूरजवळ, ता. शाहूवाडी (सही)
    नातं : धाकटा भाऊ. हजर.