बुडबुडा मधोमध

३ नोव्हेंबर, सोमवार
नवा गॅस हीटर बसला. हाय-एफिशियन्सी. म्हणजे धुरातली उष्णताही हा वापरून घेतो. मग धूर थंड होतो आणि त्याचं पाणी होतं, थोडं ॲसिडिक. ते पाइपने मोरीत सोडायचं. फिटर म्हणाला, पाइपचं सामान पुढच्या मंगळवारी आणतो, तोवर चालू करू नका.

मंगळवारी! मुलगा रविवारी येतोय.

त्याने फोनवर सरळच सांगितलंय, दोघींना घर झेपत नसेल तर विकून टाकू. मी त्याच्याकडे जायचं आणि वन्संनी 'एखाद्या चांगल्या ठिकाणी'. चांगलं ठिकाण म्हणजे काय, ते मला कळतं. ज्या वन्संनी त्याला अंगाखांद्यावर वाढवलं, त्या.

वन्संना यातलं काही सांगितलं नाही. चेहऱ्यावरही दिसू दिलं नाही.

निश्चय: रविवारच्या आत पाइप मी बसवणार. स्वतः.

५ नोव्हेंबर, बुधवार
मॅन्युअल वाचलं. इंग्रजीची मला भीती नाही, कॉन्व्हेंटमध्ये वाचनाचं बक्षीस सिस्टरांनी मलाच दिलं होतं. सूचना अशा: पाइप प्लास्टिकचाच हवा, धातू गंजतो. मोरीकडे उतार हवा. हीटरखाली वाकडा तुकडा हवा, त्यात आधी पाणी भरून ठेवायचं, नाहीतर धूर घरात येतो. ॲसिड मारायला चुनखडीच्या खड्यांचा डबा.

पाइप आणला. ब्रेडच्या सुरीने कापला. दोन्ही तळव्यांना फोड. खडे मिळाले नाहीत, पण वन्संच्या ॲसिडिटीच्या गोळ्या आहेतच. तत्त्व तेच. कुटून जॅमच्या बरणीत भरल्या आणि बरणी मध्ये जोडली.

वन्सं खुर्चीतून म्हणाल्या, पाइप वाकडा दिसतोय.

दिसत होता खरा. उताराच्या नादात शिलाई तिरकी गेलेल्या फ्रॉकसारखा. तसला फ्रॉक सिस्टर न बोलता उसवून परत हातात द्यायच्या. ह्यांची स्पिरिट लेव्हल काढली, बुडबुडा मधे आला की वस्तू सपाट. लाकडाला अजून ह्यांच्या हाताचा वास आहे, किंवा मला येतो. पाइप उचलून नीट बांधला. बुडबुडा अगदी मधोमध.

उताराचं काय? पाण्याला आपली वाट कळते.

६ नोव्हेंबर, गुरुवार
चालू केला. गरम पाणी! वन्संचे गुडघे बऱ्याच दिवसांनी शेकले. म्हणाल्या, "बरं वाटलं गं." वन्संच्या तोंडून हे म्हणजे पदकच. नंतर गोळ्या कुठे गेल्या म्हणून विचारत होत्या. ऐकू आलं नाही असं दाखवलं.

मुलाला फोन केला, सगळं उत्तम आहे म्हणून.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
हीटर बंद. पडद्यावर आकडा. मॅन्युअल म्हणतं, पाणी तुंबलंय. पाइपवर थोपटलं, मग फुंकर मारली. घाण पाणी तोंडावर आलं, गोळ्यांच्या पेपरमिंटच्या वासाचं.

वन्संना पातेल्यात पाणी तापवून दिलं. हीटर विश्रांती घेतोय, असं सांगितलं. त्या मला थँक्यू म्हणाल्या. हे टोमण्यापेक्षा वाईट.

संध्याकाळ. मार्ग सापडला. सगळं अडतंय ते त्या वाकड्या तुकड्यात. त्यात पाणी साचून राहतं, अस्वच्छ. तोच काढला आणि खाली बादली ठेवली. धुराची सूचना बहुधा कारखान्यांसाठी असावी.

८ नोव्हेंबर, शनिवार, सकाळ
हीटर सुरू! थंडी म्हणून खिडक्या बंद ठेवल्या. फिटरने भिंतीवर लावलेला अलार्म मात्र किंचाळत सुटला. वन्सं दचकतात, म्हणून बॅटरी काढून ठेवली. फिटरकडे तक्रार करायची.

डोकं दुखतंय. जागरणामुळे.

दुपार, व्हरांड्यात
वन्संना उठता येईना. म्हणाल्या, "अगं, डोकं जड झालंय." एरवी त्यांची तक्रार पाच वाक्यांची असते.

तेव्हा समजलं, धूर घरातच येतोय. गॅस बंद केला, दारंखिडक्या सताड उघडल्या, वन्संना खुर्चीसकट ओढत बाहेर आणलं. एवढी ताकद माझ्यात कुठून आली कोण जाणे. शेजारच्या डॉक्टरीणबाई धावत आल्या, दोघींना दवाखान्यात नेऊन ऑक्सिजन लावला. आता ठीक आहोत म्हणतात. मुलालाही त्यांनीच कळवलं.

परत आल्यावर श्वास रोखून आत गेले, वन्संचं ब्लँकेट घ्यायला. पलंगाखाली बॅग. भरलेली. साड्या, चष्म्याचं घर, ह्यांचा शाळेतला फोटो. सगळं माझ्यापेक्षा नीट घडी घातलेलं.

वन्संना सगळं ठाऊक होतं. कधीपासून, ते विचारलं नाही. ब्लँकेट पांघरलं. त्यांचा हात गार होता, तो धरून बसले.

९ नोव्हेंबर, रविवार
मुलाने सकाळीच फिटरला बोलावलं. माझं सगळं उतरवलं. नवा पाइप तिरका, वाकडा तुकडा जागेवर, त्यात पाणी, खड्यांचा डबा. अलार्मला बॅटरी.

मुलाने वडिलांची लेव्हल नव्या पाइपवर धरून पाहिली. मग म्हणाला, "आई, हे असं चालणार नाही." माझं उत्तर आठवडाभर तयार होतं. ते बोलणार, तेवढ्यात आतलं दार वाजलं.

वन्सं बॅग घेऊन बाहेर आल्या. म्हणाल्या, "मी निघते. पण हिला इथून हलवू नकोस. सुनेच्या घरात हिला भिंती सरळ करता येणार नाहीत."

मुलाने त्यांच्या हातातून बॅग घेतली. पुन्हा पलंगाखाली ठेवून आला. उन्हाळ्यापर्यंत बघू, म्हणाला. अटी: किल्ली डॉक्टरीणबाईंकडे. हीटर वन्संच्या ताब्यात. मी हात लावायचा नाही. लेव्हल तो घेऊन जाणार.

गेला घेऊन.

एकंदरीत ठरल्याप्रमाणेच झालं. पाइप रविवारी बसलेला हवा होता, बसला.

संध्याकाळ. पाइपसमोर बसले आहे. मान डावीकडे झुकवली की सरळ दिसतो. फार वेळ झुकवता येत नाही.

वन्सं आतून म्हणाल्या, "अगं, मला दिसतंय. हात नको लावूस."