बॅटरीवरची सभा

९ एप्रिल
दवाखान्यातून बायकोचं, शालनचं, बोलायचं मशीन आणलं. टॉर्चएवढं. गळ्याला दाबून धरायचं, बटण दाबायचं अन् ओठ हलवायचे. मिसरीनं घसा खाल्ला, घशातली आवाजाची पेटी काढावी लागली. हिवाळ्यापासून घरात पाटी अन् पेन्सिल चालू हाय. आज बोलली. आवाज बाईचा न्हाई, बाप्याचाही न्हाई. एकाच सुरात गुंऽऽ, त्यातूनच शब्द वेचायचे.
पहिलं काय बोलली, तर "जेवलात का."
हो म्हणालो. जेवलो नव्हतो.

११ एप्रिल
माझा माइक भाड्यानं लावायचा धंदा बंद. दुष्काळात लग्नं घरातल्या घरात उरकायलेत, मांडव न्हाई, वाजंत्री न्हाई. भोंगे पोत्यात बांधून ठेवलेत.
निम्मं गाव जनावरं घेऊन माळावरच्या चारा छावणीत राहायला गेलंय. दूध सोसायटीचे सभासद तर जवळपास सगळेच तिथं.
सांजच्याला बापूराव आले. सोसायटीचे उपाध्यक्ष. शालन अध्यक्ष, पण ती आजारी पडल्यापासून कारभार हेच बघतात, अन् नीट बघतात, खोटं कशाला लिहू. सोसायटीच्या बोअरला अजून पाणी हाय. आसपास दुसरीकडं कुठं न्हाई. रात्री लाईट येते तेवढ्यात हौद भरून घ्यायचा, सकाळी छावणीतली जनावरं हाकत आणून पाजायची.
बापूरावांचं म्हणणं, आता हौदावर सभासदांचीच जनावरं येऊ द्यावीत. बाकीच्यांनी टँकरचं बघावं. बाकीचे म्हणजे आमच्या बौद्धवाड्यातले एकेक गाय असलेले, कारखान्यावरून ऊस तोडून परतलेले, मुसलमान गल्लीतले शेळ्यांवाले. बापूराव रागानं बोलले न्हाईत. म्हणाले, सगळ्याला पाजत बसलो तर बोअर जाईल, मग त्यांचीही मरतील अन् आपलीही.
शालननं पाटीवर लिहिलं : सभा घ्या.
मशीन उशीखाली होतं. त्यांच्यापुढं काढलं न्हाई.

१४ एप्रिल
जयंती. मिरवणूक नको, असं वाड्यानं ठरवलं होतं. विहाराम्होरं वंदना, दोन भाषणं, संपलं. दरसाल शालन बोलायची. अशी बोलायची की मी मुद्दाम आवाज कमी ठेवायचो. यंदा पदर गळ्याभोवती घेऊन मागं बसली. पोरींनी पुढं बोलावलं, न्हाई गेली.
घरी आल्यावर मशीन लावलं. "सभेत मी बोलणार."
मी म्हणालो, तू लिहून दे, मी वाचतो. माझा आवाज लोकांच्या ओळखीचा हाय.
"मग ते तुमचं होईल."


१६ एप्रिल
सभा माळावर छावणीतच घ्यायची ठरली. जनावरं सोडून कुणी गावात यायला तयार न्हाई. माळावर लाईट न्हाई, खांबच न्हाईत. मशीनचा आवाज चार हातांपलीकडं जात न्हाई. माइक लागणारच.
बापूरावांनी जनरेटर देऊ केला. चांगल्या मनानं दिला. घरामागं चालू करून पाहिला. शालन माइकवर बोलली, मी शेवग्यापर्यंत मागं गेलो. काही कळेना. जनरेटरची घरघर अन् मशीनची गुणगुण एक होऊन गेली. दुसऱ्या कुणाचाही आवाज त्या घरघरीच्या वरून निघतो. हिचा त्याच्यातच बुडतो.
जनरेटर परत दिला. बॅटरीवरच करावं लागणार. माझा ॲम्प्लिफायर जुना हाय, बारा व्होल्टवर सरळ चालतो. पेटीचे स्पीकर नकोत, लई खातात. भोंगे बरे.

१७ एप्रिल
माइक कुठं धरायचा, हे ठरवण्यात दिवस गेला. गळ्याजवळ धरला की नुसती गुणगुण येते. ओठांच्या अगदी पुढं, जरा बाजूला धरला की शब्द येतात. एका हातात मशीन, दुसऱ्या हातात माइक, मग कागद धरायला हात उरत न्हाई. म्हणाली, कागद लागत न्हाई.
भरभर बोलली की सगळं चिकटतं. एक शब्द, थांबायचं, मग दुसरा. आधी चिडली. मग मला बाहेर बसवून, दार लावून एकटीच करत राहिली. मी ओट्यावर बसून ऐकत होतो. पाणी. पाणी. पाणी.

१९ एप्रिल
युसूफवडगावला सलीमभाईंकडं गेलतो. डायनामो, बॅटऱ्या, सगळं त्यांच्याकडंच करतो, पहिल्यापासून. माझी बॅटरी तपासली. महिनोन् महिने नुसती पडून, एक खाना बसलाय. म्हणाले, "घंटाभर चालंल. जास्तीची खात्री न्हाई देत भाऊ."
कशाला पाहिजे ते सांगितलं. ऐकून घेतलं. मग आपल्या मालाच्या रिक्षाची बॅटरी सोडून माझ्याम्होरं ठेवली.
नको म्हणालो.
"घेऊन जावा. माझ्या बहिणीच्या शेळ्या हायत तुमच्या माळावर. ती सभासद न्हाई."
सभा झाली की त्याच सांजच्याला परत आणा म्हणाले, रिक्षा सुरू होईल इतकी ताकद ठेवा तिच्यात.

२२ एप्रिल
सभा झाली. सगळं लिहून ठेवतो.
सकाळी, वैरण टाकून झाल्यावर. चिंचेखाली सतरंजी, मागं जनावरांच्या दावणी. एक भोंगा चिंचेला, एक बैलगाडीच्या जूवर बांधला. आधी माझी जुनी बॅटरी जोडली. सलीमभाईंची राखून ठेवली.
बापूराव पहिले बोलले. लांबलं. बोअरचं सांगितलं, पाइप किती खाली सोडलेत ते सांगितलं. वाईट कुणाबद्दल बोलले न्हाईत. लोक माना हलवत होते. मलाही पटत होतं.
मग शालन उठली. पदर बाजूला केला. गळ्याचं भोक सगळ्यांनी पाहिलं. मशीन लावलं अन् भोंग्यातून तो आवाज माळभर गेला. दावणीची एक गाय बिचकून मागं सरली. पोरं हसली. एका बाईनं पदर तोंडाला लावला, ती हसत होती की रडत होती कळलं न्हाई. शालन थांबली. हसू संपू दिलं. पुन्हा सुरू केलं.
चार-दोन वाक्यं झाली अन् भोंगा खरखरला, मग बंद. बॅटरी बसली.
शालन तशीच बोलत राहिली. पुढच्या बायांना ऐकू येत होतं. त्यांनी मागं वळून सांगायला सुरुवात केली, मागच्यांनी त्यांच्या मागं. मी दुसरी बॅटरी जोडत होतो, चिमट्यावर पांढरं साचलेलं, चाकूनं खरवडायलो. खरवडता खरवडता कान मागं. शालन म्हणाली होती, पाणी सगळ्याला पुरवून पुरवून देऊ. मागं पोहोचलं, पाणी सगळं देऊ. शेवटच्या रांगेतून एक जण उठून म्हणाला, "आमचं पाणी वाटून टाकायला निघाली काय ही?" दुसरेही उठले. पुढच्या बाया म्हणायल्या तसं न्हाई, तसं न्हाई. गलका.
शालननं मशीन खाली घेतलं. माझ्याकडं बघत उभी राहिली.
चिमटा बसला. दिवा लागला. मी मान हलवली.
ती पहिल्यापासून बोलली. एकेक शब्द सुटा.
"पाणी. पुरवून. देऊ. सगळ्या. जनावराला." मग थांबली. "सभासद. माणूस. असतो. जनावर. नसतं."
मग तिनं हात वर करायला सांगितलं. हात मोजले बापूरावांनीच. त्यांचा हात खाली होता. पण मोजणी खरी केली अन् ठराव झाला म्हणून त्यांनीच सांगितलं.
शालन खाली बसली ती लवकर उठेना. मशीनचा हात गळ्याशी तसाच राहिला होता.
बॅटरी सांजच्याला पोहोचवली. रिक्षा एका झटक्यात सुरू झाली. सलीमभाईंनी चहा पाजला.

२३ एप्रिल
शालन दिवसभर बोलली न्हाई. मशीन नको, पाटी नको. गळा सुजलाय थोडा.
सकाळी हौदावर शेळ्या आल्या. पाळी लावलीय, मोठी जनावरं आधी, शेळ्या मागून.

२ मे
पाणी गढूळ यायलंय. रात्री मोटार पाण्याबरोबर हवा ओढते, आवाज घरापर्यंत येतो. शालन जागीच असते. मीही.
हौद निम्माच भरतो. प्रत्येकाला घोटभर कमी. आधी शेळ्यावालेच म्हणाले, आम्हाला एक दिवसाआड चालंल. तरी कुरबूर हाय.

६ मे
बापूरावांनी एक म्हैस अन् एक गाय बाजाराला नेली. गिऱ्हाईक न्हाई. चालवत गेले, चालवत परत आणली. येताना म्हैस रस्त्यात बसली, उठवता उठवता दुपार झाली म्हणे. हौदावर तिला पाजताना शालन तिथंच होती. बापूरावांनी बघितलं तिच्याकडं. ती त्यांच्याकडं. एवढंच.
घरी आल्यावर विचारलं, चुकलं का आपलं?
"माहीत न्हाई."
मशीनवर सगळे शब्द सारखेच येतात. त्यावरून तिला काय वाटतं ते कळत न्हाई. तोंडाकडं बघावं लागतं. तोंडावरूनही कळलं न्हाई.

१० मे
बापूराव आले. ओट्यावर न बसता उभ्यानंच बोलले. रविवारी माळावर पुन्हा सभा. ठराव बदलायचा अन् अध्यक्षही. सह्या झाल्यात. मग म्हणाले, "माइक तुझाच लागंल प्रल्हाद. दुसरा कुणी बॅटरीवर लावत न्हाई."
माझ्या बायकोला खाली उतरवायचं अन् त्याला मीच भोंगे बांधायचे. न्हाई म्हणायला तोंड उघडलं, तर घरातून मशीनची गुणगुण आली. शालन दारात उभी होती.
"लावतील."
बापूरावांनी मान खाली घातली. जाताना म्हणाले, ताई, तुमीबी बोला. तुमचं ऐकून घेतल्याबिगर हात वर करायचे न्हाईत, असं मी सांगितलंय सगळ्याला.

१२ मे
बॅटरीसाठी पुन्हा सलीमभाईंकडं गेलतो. माझी बसलेल्या खान्याची बॅटरी मोडीत घातली, त्यांनी दुसरी जुनी दिली. रिक्षाचीही पुन्हा सोडून दिली. या वेळी सभा कशासाठी तेही सांगितलं. तरी दिली.
बोअर अजून खाली गेलाय. पाइप वाढवायला जागा न्हाई म्हणतात.
शालनला विचारलं, रविवारी काय बोलणार. म्हणाली, अजून ठरलं न्हाई. मग मशीन खाली ठेवलं. पुन्हा उचललं.
"तुमचा हात कुणाकडं?"
मीही सभासद हाय, हे ध्यानातच नव्हतं. मागच्या सभेत माझे दोन्ही हात वायरीत होते. मत राहूनच गेलं, कुणी विचारलंही न्हाई. आज तिनं विचारलं.
अजून सांगितलं न्हाई.