साइट बंद, पाठपुरावा चालू

११ नोव्हेंबर, सकाळ
आपली वेबसाइट ‘जव्हार-मोखाडा दर्पण’ उघडत नाही. काल पासवर्ड आठ-दहा वेळा चुकला, पण तो विषय वेगळा. इंटरनेटवर बाकी सगळं उघडतंय, म्हणजे दोष होस्टिंग कंपनीचाच. घाबरायचं कारण नाही. मोखाडा पंचायत समितीत अख्खी नोकरी काढली, अडलेली कामं कशी सोडवायची ते मला शिकवू नये. दुपारपर्यंत साइट सुरू. वाचकांचे फोन येतील म्हणून मोबाइल चार्जिंगला लावला.

संध्याकाळ
फोन आला नाही. वाचक समंजस आहेत.

१२ नोव्हेंबर
कारण सापडलं. आपलं शेअर्ड होस्टिंग. म्हणजे मोखाड्याची जीपच ती. गाडी एक, माणसं पंधरा, आणि कुणाच्या तरी पोत्यांमुळे टायर बसतो. शेजारच्या कुठल्यातरी साइटने जागा खाल्ली असणार. कंपनीला मेल केला : ‘विषय : संकेतस्थळ बंद असलेबाबत.’ सोबत दर पाच मिनिटांनी लॉगिन करून बघतोय. पाठपुराव्याशिवाय फाइल हलत नाही, सर्व्हर कसा हलेल?

१३ नोव्हेंबर
स्मरणपत्र पाठवलं. लॉगिनचा पाठपुरावा दर दोन मिनिटांनी.
खोडाळ्याची जीप चालवणाऱ्या मधूला तिकडून बघायला सांगितलं होतं. फोनवर म्हणाला, काका, उघडतंय ना बेस, वर तुमचा फोटोबी दिसतो. बिचाऱ्याला यातलं काय कळतंय! काहीतरी जुनं दिसलं असेल.

१४ नोव्हेंबर
आज जास्त काळजी प्रांजलची. तिची आई गेली, मग ही लेक नोकरीला पुण्यात, तेव्हा साइट काढली. रोज एक लेख. धुकं किती, भाताची झोडणी कुठवर आली, मी काय जेवलो. प्रांजल रोज वाचते, म्हणून फोनवर पाल्हाळ लावावं लागत नाही. चार दिवस लेख नाही, पोरगी हवालदिल झाली असेल.

रात्री आठ
प्रांजलचा फोन. मी काही सांगायच्या आत म्हणाली, बाबा, कालचा लेख मस्त होता.
काल लेख नव्हता.
कॅशेचा प्रकार असावा. लॅपटॉपमध्ये जुने लेख साठून राहतात म्हणे. दुसरं काय असणार?
फोन ठेवल्यावर घर फार मोठं वाटलं. भात केला होता, खाल्ला नाही.

१५ नोव्हेंबर, दुपार
कंपनीतून हर्षदा नावाच्या मुलीचा फोन. अतिशय नम्र. म्हणाली, साइट एक क्षणही बंद नव्हती. पासवर्ड चुकल्यामुळे फक्त माझ्या घरच्या इंटरनेटला बंदी लागली. ती चोवीस तासांत आपोआप उठते, पण मी सारखा लॉगिन करत राहिलो, म्हणून दर वेळी नव्याने लागली. आता ती मी इथून उठवते, दोन तास काहीच करू नका काका, म्हणाली. ऑफिसात हे सगळ्यांना जमायचं, मलाच कधी जमलं नाही.

संध्याकाळ
साइट उघडली. आधी भेटींचा आकडा पाहिला. एरवी रोज तीस-चाळीस भेटी असायच्या. या दिवसांत जगाला साइट उघडी होती आणि भेट एक. खोडाळ्याहून. म्हणजे एरवीच्या सगळ्या माझ्याच. फार वाईट वाटलं.
इतक्यात प्रांजलचा फोन. आज काय लिहिलंत बाबा?
म्हटलं, साइट बंद आहे गं.
म्हणाली, अरेरे, आत्ता वाचायलाच बसले होते.
समोर साइट उघडी होती. म्हटलं, असू दे, तोंडीच सांगतो. सकाळी धुकं इतकं होतं की…
म्हणाली, नको बाबा, उगाच दमाल. सुरू झाली की वाचेन.
काळजी फार करते पोरगी.