खालच्या शेतातलं पाणी

रविवार, २३ नोव्हेंबर
बोरिवली

शेवटी बोलले एकदाची. दुपारी खाडी ओलांडून गोराईला काकांकडे गेले होते. भात कापून झालंय. आता खालच्या शेतातलं पाणी खाडीत सोडून वाल पेरायचे. पाणी अडवणारी बांधातली लाकडी फळी कधी उचलायची, हे आमच्यात थोरल्या भावाच्या घरचं माणूस सांगतं. बाबा गेल्यापासून ते माणूस मी! काका फळीवर हात ठेवून माझ्याकडे बघत उभे, आणि समोर पाण्यात हिवाळ्यापुरती दूरदेशातून नुकतीच आलेली चक्रांग बदकं.

राबणार काका-काकी, आणि नोकरी सांभाळून पक्षी बघायला येणारी मी. मला काय हक्क? तरी म्हटलं, "काका, बदकं जाईपर्यंत पाणी राहू दे ना. अर्ध्या शेतात तरी."

काकी हसली. "एवढं घाबरतेस काय गं? आम्हाला काय ती आवडत नाय? पण यंदा वालाचं बिरडं कमी मिळालं तर कुरकुर नको."

काका म्हणाले, "वरच्या अर्ध्यात वाल टाकू. मधे बांध घालायला मात्र तू यायचंस." आणि फळीवरचा हात काढला.

माझं मन राखायला तर नाही ना हो म्हणाले? दोनदा विचारलं, तर काकी वैतागली, "आता परत विचारलंस तर मीच उचलते बघ फळी!" मग विचारणं सोडलं. पण हात काढताना काकांचा चेहरा मोकळा होता. नक्की होता.

शनिवारी चिखलात उतरायचंय. बाबांनंतर आईने शेतात पाय ठेवलेला नाही. आत्ता म्हणाली, "मीपण येते."